पाणीखातं माझ्याकडे

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्यावर जबाबदारी आहे. पंधरा तारखेला आम्ही चौघं पाठीवर सॅक घेऊन चार दिवस नदीकाठाने चालणार. मी, बायको, मुलगी आणि मेहुणे. (बायकोचे थोरले भाऊ. निवृत्त सर्व्हेअर. वेग गोगलगायीचा.) मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला बाहेर जाईल, त्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून जायचं हा तिचा हट्ट. तंबू मेहुण्यांकडे, स्वयंपाक बायकोकडे, नकाशा मुलीकडे. माझ्याकडे काय, म्हटल्यावर सगळे नकाशा बघायला लागले. मीच पाणीखातं मागून घेतलं. म्हटलं, सगळ्यांना पाणी पाजतो की नाही बघा! कोणी हसलं नाही. झोपेत असतील.

४ मार्च
लिफ्ट कंपनीच्या स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं काढलीत. नुसता वॉशर बघून मॉडेल सांगतो. पोर्टेबल वॉटर फिल्टर म्हणजे काय मोठं! ऑफिसात बसून सतरा फिल्टरांचा तक्ता केला. वजन, वेग, रंग. रंगाचा रकाना शेवटी घातला, पण सगळ्यात आधी भरला.
साहेब मागून बघत होते. छान तक्ता म्हणाले. मग ब्रेक शूची यादी कुठे आहे म्हणाले.

६ मार्च
ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. मालकीणबाई कमी बोलतात. जाणार तिथलं पाणी कसं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ओलं! हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नदी गढूळ असेल तर पंपवाला घ्या, आतली सिरॅमिकची कांडी गाळाने भरली की घासायची, पुन्हा चालू. जड आहे, पण दगा देत नाही. पिशवी पिळायचा हलका आहे, पण त्यात केसासारखे पोकळ धागे असतात, ते गाळाने तुंबतात. तो घेतलात तर पाणी आधी बादलीत निवळू द्या आणि सोबतच्या सिरिंजने उलटं पाणी मारून धागे साफ करत राहा.
सगळं आदराने ऐकून घेतलं. पिळायचा घेतला. निळा आहे.

७ मार्च, सकाळी
स्वयंपाकघरात चाचणी. एक लिटर, चाळीस सेकंद! दोनदा केली. मग कोणी बघत नसताना तिसऱ्यांदा. बायको म्हणाली, नळाचं पाणी स्वच्छच असतं, कुंडीतली माती कालवून बघा. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचा नमुना तपासायचा असतो. निसर्ग वेगळा असतो. तरी उद्या करतो.

८ मार्च
उद्या.

१२ मार्च
गढूळ पाण्याची चाचणी प्रत्यक्ष नदीवरच करायचं ठरवलं. याला फील्ड टेस्टिंग म्हणतात.

१४ मार्च, संध्याकाळी
पॅकिंग. मोहिमा वजनावर जिंकतात. सिरिंज काढून टाकली. (तीस ग्रॅम! शिवाय सॅकमध्ये इंजेक्शन बरं दिसत नाही.) गॅसच्या दोन डब्यांतला एक काढला, कारण पाणी उकळायची वेळच येणार नाही. पाण्याची बाटली प्रत्येकी एकच. नदी शेजारून वाहणार आणि आपण पाण्याचं ओझं वाहणार? चौघांचं मिळून चार किलो वाचवलं. टाळ्या मीच वाजवल्या.
बायकोने घडीची बादली घेतली. धुणं धुवायला असेल. बोललो नाही. नेता बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालत नाही.

१५ मार्च, दुपारी
पहिला झरा! पाणी काचेसारखं. आठ मिनिटांत चौघांच्या बाटल्या भरून दिल्या. मुलीने फोटो काढला. फोटोत मी फिल्टर ट्रॉफीसारखा धरलाय.

संध्याकाळी ५
वनरक्षक भेटला. म्हणाला, वर दरड कोसळली आहे, पुढे नदी नुसती चिखल आहे, उद्या संध्याकाळपर्यंत झरा लागणार नाही. मी त्याला फिल्टर दाखवला. त्याने फिल्टरकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, असतील तेवढ्या बाटल्या इथेच भरून घ्या. भरल्या. चार.

१६ मार्च, सकाळी ११
ऊन. बाटल्या संपत आल्या. माझं खातं उघडलं! नदीचा रंग दूध जास्त झालेल्या चहाचा. पेल्यात बोट बुडवलं तर बोट दिसेना. पण फिल्टरमधून पहिलं अर्धा पेला पाणी स्वच्छ आलं. मी सगळ्यांकडे पाहिलं.

११.२०
धार बारीक झाली.

११.४०
थेंब. तेही विचार करून पडतात. बायकोने विचारलं, सिरिंज कुठे आहे. मी समोरच्या डोंगराचं सौंदर्य दाखवलं.

दुपारी १
तळहाताला फोड. सगळं वजन एकवटावं म्हणून पिशवीवर बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, नको. पिशवी फुटली. आवाज असा की पक्षी उडाले. चौघंही चिखलाने माखलो. मुलगी हसत हसत जमिनीवर लोळली, बायको तिला उठवायला गेली आणि तीही बसली. मी म्हटलं, प्रेशर टेस्ट झाली.

२.४५
मेहुणे दगडावर बसले ते उठेनात. ओठ पांढरे. डोकं गरगरतंय म्हणाले. बाकी सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या, फक्त माझ्या बाटलीत चार घोट होते. त्यांना दिले. दोन प्यायले आणि बाकीचे मलाच परत करायला लागले. मी घेतले नाहीत. इथे विनोद सुचला नाही.
बायकोने बादली भरून आणली. मेहुण्यांच्या दाढीच्या सामानातून तुरटी काढली, पाण्यात सात-आठ वेळा फिरवली, झाकून सावलीत ठेवली. कोणीही हात लावायचा नाही म्हणाली. मी पाच मिनिटांनी झाकण उचलून पाहिलं. परत दोन मिनिटांनी. मुलीने मला हाताला धरून दूर झाडाखाली नेऊन बसवलं.

४.१५
तळाला चिखलाचा थर, वर नितळ पाणी! बायकोने ते न ढवळता पेल्याने अलगद काढलं, रुमालातून गाळलं, खळखळ उकळलं. मेहुणे दोन पेले प्यायले, थोड्या वेळाने तिसरा. मग विचारलं, पत्ते आणलेत का कोणी?
मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी नाचलो. चार पावलं. मुलीकडे व्हिडिओ आहे.

१७ मार्च
मेहुण्यांच्या विश्रांतीमुळे काल झरा गाठता आला नाही, म्हणून निवळणे, गाळणे, उकळणे ही पद्धत मी मंजूर केली. सगळं माझ्या देखरेखीखाली चालू आहे. (अंतर दहा फूट. बायकोने आखून दिलंय.) गॅस पाण्यालाच पुरवायचा असल्यामुळे जेवायला कोरडे ओट्स. यावर कोणी मला काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

२० मार्च
सुखरूप घरी. ऑफिसात डब्याच्या वेळी मोहिमेची हकिगत सांगितली. ‘आम्ही’ हा शब्द खूप वापरला. साहेबही ऐकत होते. शेवटी म्हणाले, ब्रेक शू?

२२ मार्च
मुलीला घेऊन दुकानात तक्रार करायला गेलो. मालकीणबाईंनी त्यांच्याकडच्या सिरिंजने दोन-तीनदा उलटं पाणी मारलं. आतून चहा बाहेर आला आणि फिल्टर पुन्हा सुरू! मी म्हटलं, मला वाटलंच होतं. मग नदीवरची सगळी हकिगत ऐकून त्यांनी विचारलं, तुरटीचं कोणाला सुचलं? मी ‘आम्हाला’ म्हणेपर्यंत मुलगी ‘आईला’ म्हणून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, आईंना एकदा घेऊन या.

२९ मार्च
घेऊन गेलो. दोघी दीड तास गाळावर बोलल्या. मी तेवढ्यात सगळ्या सॅकच्या चेन उघडून-लावून पाहिल्या.

७ एप्रिल
मे महिन्यात दुसरी मोहीम. बायको, मुलगी, मेहुणे आणि मालकीणबाई. तंबू चौघांचाच आहे, त्याला कोण काय करणार. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, ऑगस्टमध्ये मला होस्टेलवर सोडायला मात्र तुम्हीच यायचं, दुसरं कोणी नको. डोळ्यांत काहीतरी गेलं.
शिवाय घर, म्हणजे बेस कॅम्प, कोणीतरी सांभाळायलाच हवा. सगळ्यात अनुभवी माणूस तिथेच ठेवतात.

३ मे, सकाळी ९
पथक पहाटे रवाना झालं. बेस कॅम्पवर पहिलीच आणीबाणी: बेसिन तुंबलं. प्लंबरला बोलावलं. गाळ कसा बसतो, उलटं पाणी का मारतात, हे त्याला मुद्देसूद समजावलं. ओट्याखाली आडवा पडून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, जरा बॅटरी धरता का?
धरली. तो म्हणाला, इकडे नाही, तिकडे.