खजुरीच्या होडीला डांबर

दुबई, देरा बाजू, जुम्म्याची दुपार

फुफी, सलाम. तुमच्या सुनेचा, आणि सून व्हायच्या आधी जी तुमची भाची होती तिचाही. गुडघा कसा आहे? तेल रोज लावता की नुसतं लावते म्हणता? शेळी व्याली का? आम्ही इथे तिघंही बरे आहोत. हाफिजा आता रांगते, दारापर्यंत जाते आणि तिथे बसून सगळ्या गल्लीवर ओरडते. मैमुनाबी शेजारीण म्हणते, अगदी आजीवर गेलीय. (हारुनभाई, तुम्ही फुफीच्या डाव्या बाजूला बसून वाचा. उजव्या कानाने त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.)

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत की खोरफक्कानला मासे मारायला जायचं तर जहूरला जाऊ दे, पुरुषमाणूस आहे, पण तू अंगावर पिणारी पोर घेऊन दर्यावर जायचं नाहीस, सूर्य बुडताना, मगरिबच्या वेळी तर नाहीच, आणि बायकांनी किनाऱ्यावर बसून वाट बघितली की होडीला अपशकून होतो. फुफी, तुम्ही सांगितलंत म्हणून मी नाक टोचलं, तुम्ही सांगितलंत म्हणून चौथीतून शाळा सोडली, तुम्ही सांगितलंत म्हणून तुमच्या मुलाशी निकाह केला. हे ऐकणार नाही. मी जाणार.

आता सगळं नीट सांगते, मग तुम्हीच बोला. तुमच्या मुलाला गोदामात कोणीतरी सांगितलं की डोंगरापलीकडे खोरफक्कानला सुरमई अशी येते की हाताने उचलावी. झालं. तेव्हापासून घरात दुसरी गोष्ट नाही. जयगडला तुम्ही त्याला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाहीत, ते सगळं आता इथे बाहेर पडतंय. रोज कामावरून आला की खाटेवर बसतो, दोन हातांत दोन झाडू घेतो आणि वल्हवतो. मागे वलीभाई बसतो (राजापूरचा, त्याच्याच गोदामात आहे, बायको गावाला म्हणून जेवायला आमच्याकडे), तो म्हणतो, "यल्ला जहूर, डावीकडे मार, डावीकडे, खडक आला." खाटेची एक दोरी तुटली. मी मध्ये झोपलेल्या पोरीला उचलते आणि बाहेर जाऊन बसते. दुसरं काय करणार.

तिकडची होडी आपल्यासारखी फळ्यांची नाही. शाशा म्हणतात. खजुरीच्या झावळ्यांचे दांडे एकाला एक दोरीने बांधायचे, पोटात झावळ्यांचे बुंधे भरायचे, खलास. एक माणूस पाय पसरून बसेल एवढीच. रफिक म्हणून एक ड्रायव्हर आहे, त्याच्याकडे कंपनीची लँड रोव्हर आहे, तो ईदला सगळ्यांना घेऊन जाणार. त्याने तिकडच्या एका म्हाताऱ्या अरबाकडून एक शाशा आधीच उसनी आणली, शिकायला म्हणून. गाडीच्या टपावर बांधून आणली. गल्लीतली पोरं समजली कोणाचं तरी घर आणलं.

खाडीवर नेली तर खालून पाणी वर येतंय. दोन दांड्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. हे तिघे कोकणचे शहाणे. होडीत पाणी म्हणजे होडी फुटली, एवढं त्यांना आईच्या पोटातून माहीत. तशीच घरी आणली आणि दुपारभर माझ्या अंगणात बसून फटी बुजवल्या. काथ्या ठासला, वरून डांबर ओतलं. माझं भाताचं पातेलं डांबराला गेलं. झाल्यावर तुमचा मुलगा लांब उभा राहून बघत होता, म्हणाला, या अरबांना एवढं सुचलं नाही बघ.

दुसऱ्या जुम्म्याला पुन्हा खाडीवर. मी पोरीला घेऊन मागून गेले. (फुफी, खरं सांगते, मला पाण्याची भीती वाटते. खाडी ओलांडायला अब्राच्या होडीत बसते तर मी डोळे मिटून घेते, नाखवा हसतो.) तुमचा मुलगा ऐटीत बसला, दोनदा वल्हं मारलं. तेवढ्यात समोरून मोठी लाँच गेली, तिची लाट आली आणि सरळ आत शिरली. आधी खालून आलेलं पाणी खालूनच जात होतं. आता जाणार कुठून? मोरीसारखी तुंबली. दुसरी लाट आली तशी होडी एका बाजूला कलली आणि तुमचा मुलगा मला दिसेनासा झाला.

वलीभाई हसत होता. रफिक हसत होता. मी हसले नाही. मी पोरीला कुठल्यातरी अनोळखी बाईच्या हातात दिलं आणि चपलांसकट पाण्यात गेले. कमरेपर्यंत पाणी होतं, फुफी, तुमचा मुलगा तिथे उभा राहून डोळ्यांतलं डांबर पुसत होता. मला म्हणतो, "तू कशाला आलीस, कपडे भिजले ना." त्या अरबाला होडी परत दिली तेव्हा तो एवढा हसला की खाली बसला. म्हणाला, पाणी आलं तर येऊ द्यायचं, जाईल तेव्हा जाईल, होडी बुडत नाही. त्याने सगळं डांबर खरवडून काढायला लावलं. तरी यांचा बेत मोडला नाही. तंबू शिवला तांदळाच्या गोण्यांचा. वलीभाईने बरोबर न्यायला सुके बांगडे घेतलेत. मी विचारलं, मासे धरायला मासे घेऊन जाता? तर म्हणतो, "भाबी, सुरमई इन्शाल्ला, बांगडे नक्की."

आणि तुमचा मुलगा मला म्हणतो, दोन रात्री तू मैमुनाबीकडे झोप. फुफी, अब्बा तुमचा सख्खा भाऊ. त्यांचा मचवा आला नाही तेव्हा तुम्ही आणि आई घरात होता, चांगल्या घरातल्या बायकांसारख्या. आईला कोणी येऊन सांगितलंसुद्धा नाही. विहिरीवर एक बाई दुसरीला सांगत होती, ते आईने ऐकलं. मी तिच्या पदराला धरून होते. मी मैमुनाबीच्या घरात बसून असं काही ऐकणार नाही. अपशकून लागायचा तर लागू दे, त्या वेळी तर कोणी किनाऱ्यावर बसलं नव्हतं ना? मी वाळूवर बसणार, पोर मांडीवर घेऊन, आणि त्याच्या होडीवरून नजर हटवणार नाही. मगरिबला पण.

भीती वाटते तर वाटू दे. घरात बसूनही वाटतेच.

तब्येतीला जपा. हारुनभाईंना, त्यांच्या घरच्यांना सलाम. शेळीचं कळवा.

तुमची
सायरा

ता. क. वरचं सगळं मी तुम्हाला लिहिलं. त्याला अजून एवढं बोलले नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा तो कामावर होता. आल्यावर म्हणाला, आई काय म्हणते? मी म्हटलं, फुफी म्हणतात सायराला आणि पोरीला घेऊन जा, एकट्याने जायचं नाही. म्हणाला, दाखव. मी म्हटलं, सासू-सुनेचं पत्र आहे, आत बायकांच्या गोष्टी आहेत. त्याला पटलेलं दिसत नाही.

आणखी ता. क. ईदला अजून महिना आहे, स्टीमर वेळेवर आली तर पोचेल. तेव्हा फुफी, हारुनभाईंकडून त्याच्या नावाने एक पत्र लिहून घ्या, की दोघींना घेऊन जा. माझ्याबद्दल आत थोडं वाईटसाईटही घाला, नाहीतर त्याला तुमचं वाटणार नाही.