दारासमोरचा ढीग

शुक्रवार, ता. ७ जानेवारी १९७७.
सकाळी सव्वासातला ओट्यावर बसून चपलेला चिकटलेली खळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होतो. सुताला खळ देतात त्या सायझिंगमधली आंबलेली खळ रात्री कोणीतरी गटाराच्या कडेला बादलीने ओतली आहे. अंधारात पाय पडला. वास जात नाही, साबण लावला तरी.
आज शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. म्हणजे सगळ्या नारपोलीत, लूमच्या शेडशेडमध्ये झाडलोट, आणि सगळ्यांची झाडलोट आमच्या दारासमोर. दहा वाजेपर्यंत चार टोपल्या आल्या. सुताची कात्रणे, तेलात भिजलेल्या चिंध्या, सुताच्या मोडक्या कांड्या, पिंजर म्हणजे सुताची उडती रुई. बॉयलरची राख वेगळी. वारा सुटला की पिंजर उडून घरात येते, भातावर बसते. बाबांना पुन्हा खोकला. बावीस वर्षे लूमवर काढली, दमा तिथलाच. घरी बसल्यावर तरी कमी होईल असे वाटले होते.
आई म्हणाली, "दार लाव." दार लावले की अंधार. दिवसा दिवा लावला की बिलावरून बाबा रागावतात.

रवि. ९ जाने.
कामावरून आल्यावर पाटी रंगवली. खोक्याची फळी, काळा रंग, अक्षरे पट्टीने आखून. "येथे कचरा टाकू नये." खाली हिंदीत तेच. "नम्र विनंती" घालावे की नाही याचा बराच विचार केला. शेवटी घातले. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "वाचणार कोण?"
पाटी खांबाला तारेने बांधली.

बुध. १२ जाने.
पाटी नाही. पलीकडच्या शेडचा हेल्पर तीच फळी फावड्यासारखी धरून राख पुढे ढकलत होता. अक्षरे अजून चांगली दिसत होती. मी तसाच कामावर गेलो. 
जेवणाच्या सुट्टीत नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. साहेब भले वाटले, बसा म्हणाले. पण: "गटारापर्यंत आमचं. गटाराच्या पुढे रस्ता दुसऱ्या खात्याचा. ढीग कुठे आहे?"
"दोन्हीकडे."
"मग पंचाईत आहे." नंतर म्हणाले, "कोण टाकतं ते नावानिशी सांगा. नोटीस काढतो."
नावानिशी कसे सांगणार? कोणाच्या टोपलीवर नाव नसते.
परत यायला सात मिनिटे उशीर. शेडचे हिशेब बघणाऱ्या मेहतांनी नुसते घड्याळाकडे बघितले.

शुक्र. १४ जाने. संक्रांत.
नावे आहेत. मलाच सुचले नव्हते.
कापड सगळ्यांचे पांढरे, पण किनारीतला रंगीत दोरा प्रत्येकाचा वेगळा. तागे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. मी रोज कामावर तागे मोजतो, घडी करतो, कोणाचीही किनार डोळे मिटून ओळखीन. सकाळी काठी घेऊन ढीग उकरला. आई ओरडत होती, "सणाच्या दिवशी उकिरडा काय उपसतोस?" निळा-निळा-पिवळा: कोपऱ्यावरची शेड. एकेरी तांबडा: हौदाजवळची. काळा-पिवळा: नवीन पत्र्याची शेड, तिचे मालक ठाण्याला राहतात. दोरे धुऊन, वाळवून, कागदावर डिंकाने लावले. पुढे शेडची नावे.
चौथा दोरा दोन हिरवे, एक लाल. मी काम करतो त्या आमच्याच शेठचा. सगळ्यात जास्त तोच.
त्याच्यापुढे नाव लिहिले नाही. नुसता चिकटवला.

शनि. १५ जाने.
कागद रहमतचाचांना दाखवला. चाचा आमच्या शेडचे जॉबर. लूम बिघडला की यांच्याशिवाय हलत नाही. शेठही यांच्याशी जपून बोलतात. चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि एवढे हसले की दोन कारागीर लूम सोडून बघायला आले.
"अरे मास्टर, ये तो अपनी किनार है! अपने ही घर में छापा मारेगा?"
मी सहावीत शाळा सोडली तरी सगळे मला मास्टर म्हणतात. आकडे नीट काढतो म्हणून.
मी म्हणालो, साहेबांना द्यायचा विचार आहे. चाचांचे हसू गेले. "साहब को मत दे. नोटिस आएगी तो पहले तेरी छुट्टी होगी. मालिकों से खुद मिल. तिलगुड़ ले जा."
घरात मी एकटा कमावता. चाचांचे खरे आहे.

सोम. १७ जाने.
तिळगूळ घेऊन तिन्ही शेडमध्ये जाऊन आलो. हात जोडून बोललो. बाबांच्या दम्याचे सांगितले. कोपऱ्यावरच्या शेटजींनी चहा पाजला, दोरा उजेडात धरून पाहिला, "कमाल है" म्हणाले. हौदाजवळचे म्हणाले, आमचा हेल्पर गाढव आहे, समज देतो. नवीन शेडमध्ये मालक नव्हते, त्यांचा दिवाणजी होता. त्याने तिळगूळ तेवढा खाल्ला.
आमच्या शेठना सर्वांत शेवटी. शेठ म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. आता नाही येणार आपला दोरा तिथे."
रात्री बाबांना सांगितले. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बघू."
मला बरे वाटले. खूप दिवसांनी.

शुक्र. २१ जाने.
सकाळी टोपली आली नाही. नऊ वाजले, दहा वाजले, नाही. आईने दार उघडे ठेवले.
साडेचारला धूर.
चारही शेडचे हेल्पर मिळून ढीग पेटवत होते. वर रॉकेल. आमचाही होता, मान खाली घालून. कोपऱ्यावरच्या शेडचा मला बघून म्हणाला, "लो मास्टर, अब ढूँढो किनार."
दोरा जळला की रंग नाही. शेठ म्हणाले होते, आपला दोरा तिथे येणार नाही. खोटे नाही बोलले.

सोम. २४ जाने.
वरून विझलेला दिसतो, आतून जळतो. तेलाच्या चिंध्या पोटात धुमसत राहतात. दहा-बारा बादल्या ओतल्या. वाफ आली, मग पुन्हा तोच पिवळा धूर. बाबा तीन रात्री उशी पोटाशी धरून बसून आहेत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "यांना या धुरातून बाहेर काढा, नाहीतर पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग नाही."
बाबा दम खात खात म्हणाले, "तू दोरे वेच... मी खोकतो."
तिळगूळ नेला नसता तर नुसता ढीग राहिला असता. पिंजर उडाली असती, एवढेच.

गुरु. २७ जाने.
बाबांना अंजूरला आत्याकडे पोहोचवले. आत्या बाबांची धाकटी बहीण. घर खाडीकडे, मोकळी हवा. टांग्यातून उतरल्यावर बाबांनी एक मोठा श्वास घेतला, मी मोजत असल्यासारखा बघत होतो.
परतताना वळ गावच्या पांडू गाडीवाल्याला गाठले. बैलगाडीने ढीग उचलून न्यायचा. दोन खेपा ठरल्या. विचारले, "कुठे टाकणार?"
"तुमाला काय कराचाय? तुमच्या दारात न्हाय ना टाकनार? लांब टाकीन, गावाभाईर."
मी पुढे विचारले नाही.

शनि. २९ जाने.
जागा साफ! खालची जमीन काळी, पण साफ. पांडू म्हणाला, आतून गरम हाय, तुमचा गोनपाट जलाला. आणखी पाणी मारून दिले. आईने तिथपर्यंत जाऊन सडा घातला. मुले लगोरी खेळली. मी कामावरून आल्यावर नुसता उभा राहून बघत होतो.
उद्या बाबांना निरोप पाठवीन, या म्हणून. नको, एक शुक्रवार जाऊ दे.

शुक्र. ४ फेब्रु.
बरे झाले निरोप पाठवला नाही.
सकाळी आठला पहिली टोपली. सड्याच्या जागेवरच. एकाने टाकल्यावर बाकीच्यांना कसला संकोच? दुपारपर्यंत गुडघाभर. राखही. एक मेलेली कोंबडी, ती कोणाची देव जाणे. हेल्परला विचारले तर भोळेपणाने म्हणाला, "जगह खाली थी ना, मास्टर."
संध्याकाळी पेटवले. आता पेटवायची रीतच पडली.

शुक्र. ११ फेब्रु.
अंजूरला गेलो. लिहू की नको, असे झाले आहे.
आत्याच्या खाचराला लागून रस्ता आहे, तिथे बांधाखाली ढीग. लांबूनच ओळखला. अर्धवट जळलेल्या कांड्या, आमचे फाटके गोणपाट. राखेतून दोन हिरवे, एक लाल असा दोरा निघालेला. आमचाच ढीग. दोन खेपांचा. त्याच्यावर आता दुसऱ्या कोणाच्या तरी चार गाड्या.
पेंढ्याची उडवी एका बाजूने काळी ठिक्कर. आत्या सांगत होती, "वलचा गारीवाला रातचा खाली करून गेला. आतून जलत व्हता, कोनाला म्हाईत? वाऱ्यानं इस्तू उराला, पेंढा पेटला. पोरांनी पानी मारला म्हनून घर वाचला. मंग बाकीचे पन टाकाया लागले. एकानं टाकला ना, का मंग समद्यांचाच होतो रस्ता." बैलांना आता पेंढा विकत घ्यावा लागेल म्हणाली. मग मला म्हणाली, "जेव ना रं. सुकट केलंय. असा काय बसलायस?"
जेवलो.
बाबा अंगणात बसले होते. इथेही खोकत. दुपारी म्हणाले, चल, बांधापर्यंत जाऊ. काठी टेकत गेले, ढिगापाशी थांबले. काठीने दोरा उचलला, डोळ्यांजवळ नेला. बावीस वर्षांपैकी शेवटची नऊ याच शेठकडे.
माझ्याकडे बघितले नाही. म्हणाले, "किती घेतले पांडूने?"
सांगितले.
"महाग पडला."
आत्याला काही सांगू नकोस, असे म्हणाले नाहीत. सांग, असेही नाही.

शनि. १२ फेब्रु.
पांडूला विचारले. तो उलट माझ्यावर: "मंग कुठं टाकू? खारजमिनीत टाकला तर खारवाले मारतान, वलला टाकला तर गाव मारतंय. तुमीच सांगा ना जागा! सायब हाव ना तुमी?"


शुक्र. १८ फेब्रु.
दिवसभर एकच विचार. कोरडे सूत वेगळे ठेवले तर गाद्यावाला पोत्यावर पैसे देऊन नेतो. तेलात लडबडले की तो हात लावत नाही. झाडताना दोन्ही एकत्र करतात, म्हणून सगळेच फेकायचे. एका शेडला एक पोते आणि एक झाकणाचा ड्रम. ढीग निम्म्याने कमी होईल. निम्म्याने तरी.
शेठना सांगितले. ऐकून घेतले. "कल्पना चांगली आहे. ड्रम तू आण. पोत्याचे पैसे हेल्परांना चहाला दे, म्हणजे करतील."
बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "मास्टर, तू पागल है." मग ड्रमचे निम्मे पैसे स्वतःच्या खिशातून काढून दिले. परत कधी देऊ विचारले तर म्हणाले, "जब ढेर खत्म होगा." म्हणजे कधीच नाही, असेच त्यांना वाटत असणार.

शुक्र. २५ फेब्रु.
ड्रम शेडच्या मागच्या दाराशी ठेवला. झाकणावर रंगाने "तेलाच्या चिंध्या", खाली हिंदीत. संध्याकाळी उघडून पाहिले. आत पानाच्या पिंका, डब्यातली भाजी, एक चप्पल. चिंध्या थोड्या. सगळे बाहेर काढून पुन्हा वेगळे केले. पोत्यात कोरडे सूत मात्र बरेच होते.
बाकीच्या शेडना ड्रमबद्दल विचारले. कोपऱ्यावरचे म्हणाले, पहिले तुमच्याकडे चालू दे. कचेरीत पुन्हा गेलो, साहेब नव्हते. "सगळे इलेक्शनच्या ड्युटीवर. पुढच्या महिन्यात या."

शुक्र. ४ मार्च
गाद्यावाला आला, पोते तोलून घेऊन गेला. हेल्परांनी चहा प्यायला, भजीही मागवली. आज आमच्या शेडची टोपली समोर आली नाही. बाकी तिघांच्या आल्या. ढीग पूर्वीएवढाच दिसतो. मला फरक कळतो, कारण मी किनार बघतो. दुसऱ्या कोणाला कळणार?
पेटवलाच.

शुक्र. ११ मार्च
आत्याने बाबांना टांग्यात घालून परत पाठवले. तिथेही धूर, आणि तिथे डॉक्टर नाही. तिला खरे सांगायला टांग्याबरोबर जावे असे ठरवून निघालो होतो, टांगेवाला निघून गेला. पुढच्या शुक्रवारी जाईन. पेंढ्याचे विचारायचे आहे.
बाबा ओट्यावर बसून समोर बघत म्हणाले, "कमी झालाय काय रे?" मी म्हणालो, थोडा. ते म्हणाले, "हं." आई दार लावायला आली तर म्हणाले, "राहू दे. लावून तरी काय."
ड्रम काठोकाठ भरला आहे. नुसत्या तेलाच्या चिंध्या, या वेळी पिंक नाही, भाजी नाही. चाचांनी कारागिरांना दम दिला होता. झाकण बसत नाही. गाद्यावाला घेत नाही, कचेरीची गाडी आमच्या गल्लीत येत नाही, आणि पुढचा शुक्रवार यायचाच आहे. रिकामा कुठे करायचा?
संध्याकाळी पांडू गाडी थांबवून ड्रमकडे बघत होता. "भरलाय की. नेऊ का?"
उद्या सांगतो म्हणालो.

खर्च झाले:
पाटी, रंग, तार — ४ रु. २५ पै.
रॉकेलच्या आगीवर बादल्या, एक फुटली — ६ रु.
इंजेक्शने, औषध — २३ रु.
टांगा, दोन वेळा — ७ रु.
पांडू, दोन खेपा — १८ रु.
ड्रम, माझा निम्मा — १४ रु.
देणे:
रहमतचाचा — १४ रु.
आत्या, पेंढा — विचारलेले नाही.
पांडू, पुढची खेप — ९ रु. मागतो. अजून हो म्हटलेले नाही.