हॉर्न दाबला की पेट्रोल वाढते

जव्हार, कार्तिक वद्य तृतीया, शके १८५४

तीर्थरूप दादांना धाकट्या बहिणीचा, म्हणजे कुसुमचा, वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांगा. थंडीने त्यांचे गुडघे धरले असतील तर निर्गुडीच्या पाल्याने शेकावे म्हणावे. तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या मोटार-कारखान्यातल्या पेट्रोलच्या वासाने खोकला पळतो असे तुम्ही गेल्या साली म्हणाला होतात (वहिनींना कोटाच्या खिशात विडी सापडली त्याच दिवशी म्हणाला होतात, हेही माझ्या लक्षात आहे). इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची चाल आहे म्हणून लिहिते. माणसे क्षेम आहेत. मोटार क्षेम नाही. आणि ज्या घरातला कर्ता पुरुष मोटारीवर ड्रायव्हर, त्या घरात मोटार आजारी पडली की कोणाला घास गोड लागणार? मी भाऊबीजेला आले नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. तो राग निम्मा माझ्यावर काढा आणि निम्मा एका सागाच्या फळीवर. त्या फळीचीच ही सगळी हकिकत आहे.

आमचे कांतीलालशेठ तुम्हांला ठाऊक आहेतच. सागाचे मोठे व्यापारी. त्यांच्याच वखारीच्या आवारातल्या खोलीत आम्ही राहतो आणि त्यांचीच मोटार घरचे (नाव घेत नाही, कोण ते तुम्ही ओळखाल) जव्हाराहून मोखाड्यावरून खोडाळ्याला नेतात. माणूस स्वभावाने वाईट नाही, पण सागापुढे त्यांना काही दिसत नाही. देव्हारा सागाचा, पाट सागाचे, पानाचा डबा सागाचा. दसऱ्याला मोटारीची पूजा करायची म्हणून ते तिच्यापुढे उभे राहिले, तर चाकापुढे (हातात धरायचे चाक, रस्त्यावरचे नव्हे) जिच्यावर ती काट्यांची घड्याळे बसवलेली असतात ती पाटी त्यांना पत्र्याची दिसली. झाले! सागाच्या व्यापाऱ्याच्या मोटारीत पत्रा? गिऱ्हाईक काय म्हणेल? लगेच पोशेऱ्याच्या ढवळू सुताराला बोलावणे गेले. ढवळूचा हात म्हणजे देवाची देणगी, दादा. चार दिवसांत त्याने अशी फळी केली की दोन बाजूंना दोन मोर आणि मध्ये कमळ, आणि कमळाच्या पाकळ्यांत एकेक घड्याळ बसवलेले. ह्यांनी आपले एकदा विचारले, की ह्या तारा पुन्हा होत्या तिथेच लावशील ना? तर ढवळू म्हणाला, "ड्रायवरदादा, तुमी नका काळजी करू. लोखंड गंजतं, साग काय गंजत नाय." ते खरेच आहे. त्याने एकेक तार जिथल्या तिथे लावली, आणि जी एक पितळेची पट्टी सगळ्या घड्याळांच्या पाठीमागून येऊन पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती, ती तितक्याच निगुतीने सागाला आवळली.

फळीची पूजा झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवसापासून घड्याळांना वेड लागले. पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि रिकामी झाली तरी अर्ध्यावर. बॅटरीला काही दुखले की सांगणारा तो तांबडा दिवा कधी पुरता लागेना आणि कधी पुरता विझेना, दिवसभर आपला मिणमिणतोय. हॉर्नचे बटणही त्याच फळीवर बसवलेले. ते दाबले की हॉर्न वाजायच्या ऐवजी कण्हायचा, आणि (हे वाचून हसू नका, मी पाहिले आहे) तो कण्हला की पेट्रोलचा काटा चढत चढत पूर्णावर जायचा! शेठजींना प्रथम याचा आनंदच झाला. हॉर्न दाबला की पेट्रोल वाढते, अशी मोटार उभ्या ठाणे जिल्ह्यात कोणाकडे आहे? आल्यागेल्याला मोटारीत बसवून ते स्वतः बटण दाबून दाखवीत. आमच्याकडे नागली घेऊन येणारी जामसरची नवशी एकदा आवाज ऐकून थबकली आणि मला म्हणाली, "बाय, मोटार बाळंत होते का गं?"

पण कौतुक किती दिवस पुरणार? जव्हार दरबारच्या जंगलखात्याचे रावसाहेब खोडाळ्याला निघाले. शेठजींच्या सागतोडीचे परवाने याच गृहस्थांच्या सहीने निघतात, म्हणून शेठजी स्वतः शेजारी बसले. निघताना ह्यांनी टाकीत काठी घालून पाहायची म्हटली, तर शेठजी म्हणाले, रावसाहेबांसमोर काठ्या काय घालता, काटा दिसतो आहे ना! काटा पूर्णावर होता, कारण शेठजींचा अंगठा बटणावर होता. मोखाडा मागे पडला आणि पुढच्या चढावर मोटारीने एक आचका दिला आणि ती जी बसली ती बसलीच. रावसाहेबांचे मत असे पडले की संस्थानची हद्द सुटून इंग्रजी मुलूख लागला म्हणजे रस्त्यापायी मोटारी बिघडतात, आमच्या दरबारच्या रस्त्यांवर असे कधी होत नाही (दरबारच्या रस्त्यावर आमची दोन टायरे फुटली तेव्हा रावसाहेब मोटारीत नव्हते). या अभिमानाच्या बळावर ते कोस-दीड कोस चालले. पुढे बूट चावू लागला आणि अभिमान संपला. शेवटी एका भाताच्या गाडीवर पेंढ्यांत बसून स्वारी खोडाळ्याला पोहोचली. परत आल्यावर शेठजींनी आवारातच, मी दाराशी उभी असताना, ह्यांना सांगितले, "भाऊ (आधीची दोन अक्षरे मनात भरा), मार्गशीर्ष लागेपर्यंत काटे सुधारा, नाहीतर मी माणूस सुधारतो. नाशकाला ड्रायव्हर पुष्कळ आहेत."

दादा, थट्टा बाजूला ठेवून सांगते. नोकरी गेली की ही खोलीही गेली. पण त्याहून वाईट म्हणजे ह्यांचा चेहरा. मुंबईत शिकून आलेला माणूस, बारा वर्षांत एक बैलसुद्धा ह्यांच्या मोटारीला घासला नाही, आणि आता काट्यांकडे असे पाहतात की जणू पोटच्या पोराने चोरी केली. ह्यांनी काय नाही केले? बॅटरीत नवे पाणी घातले, डायनामो खोलून पुसला, टाकी उतरवून धुतली. भिवंडीहून एक मिस्त्री आणला. त्याने घड्याळांना टिचक्या मारल्या, आमच्याकडे दोन वेळा जेवला, आणि सगळी घड्याळे मेली आहेत, नवी आणा, असे सांगून गेला. रात्रीचे ते घोरणेसुद्धा बंद झाले (पूर्वी वखारीत करवत चालू आहे की काय असे शेजाऱ्यांना वाटायचे, आता शांततेने मलाच झोप येत नाही).

मला मोटारीतले काही कळत नाही, हे तुम्ही जाणताच. मला एवढेच दिसत होते की तेलाचा काटा शहाण्यासारखा वागतो आहे. तोही त्याच फळीवर, तोही मोराच्या शेजारी. मग त्यालाच वेड कसे लागले नाही? वाकून पाहिले तर त्याला तार नाहीच, त्याला इंजिनाकडून आलेली नळी आहे. म्हणजे नळीवाला शहाणा आणि तारवाले तेवढे वेडे. मग मला तुमचा दिवा आठवला. गेल्या सालच्या दिवाळीत तुम्ही बॅटरीवर दिवा लावून मुलांना सांगत होता, की वीज एका तारेने जाते आणि परत यायला मोटारीचे सगळे लोखंड हीच तिची वाट, वाट तुटली की दिवा बिघडला. मी तेव्हा करंज्या तळत होते, पण कान उघडे होते. आता मला सांगा, ती पितळेची पट्टी पूर्वी पत्र्याला होती, आता लाकडाला आहे. वीज बिचारी सासरी आली आणि माहेरची वाट ढवळूने बुजवून टाकली! मग ती करणार काय? ह्या घड्याळातून त्या घड्याळात, हॉर्नमधून काट्यात, मिळेल त्या फटीतून पळायला बघते. ह्यांना मी एकदा जेवताना सुचवून पाहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, आमटीकडे पाहिले, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

म्हणून परवा दुपारी हे आडवे झालेले पाहून मी कोटातली किल्ली घेतली आणि हातात उलथने होते तशीच मोटारीत चढले. किल्ली फिरवली. फळीखालून हात घालून उलथन्याचे एक टोक पितळेच्या पट्टीला लावले आणि दुसरे चाकाच्या लोखंडी दांड्याला टेकवले. दादा, काटा अर्ध्यावरून सरळ खाली आला आणि तिथे गप्प बसला. तांबडा दिवा भक्क लागला (इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे, हेही तुमचेच). उतरून टाकीत काठी घातली. काठी चार बोटे भिजली, आणि काट्यानेही तेवढेच दाखवले होते. आनंदाच्या भरात मी परत चढले, पुन्हा उलथने टेकवले आणि हॉर्नचे बटण दाबले. महिनाभर कण्हणारा हॉर्न असा ओरडला की वखारीवरची कबुतरे उडाली, शेठजींच्या हातातला पानाचा डबा पडला, आणि हे धोतर सावरीत बाहेर आले. मी उलथने पदराखाली घेऊन उतरले आणि सांगितले, शेळी आत शिरली होती, तिचा पाय पडला. ह्यांनी स्वतः बटण दाबून पाहिले. हॉर्न कण्हला. "स्वप्न पडले असेल," असे म्हणून हे परत आत गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाक की! कशी सांगू? मोटार दुरुस्त झाली ती बायकोच्या उलथन्याने, हे एकदा आवारात कळले की खोडाळ्याच्या बाजारापर्यंत जाईल. शेठजी कदाचित नोकरीवर ठेवतील, पण हे मान वर करून मोटार हाकणार नाहीत. आणि मान खाली घालून त्या घाटात मोटार हाकता येत नाही.

असो. पत्र लांबले. मुलांना माझ्यातर्फे एकेक गालगुच्चा. वहिनींना निर्गुडीचे विसरू नका.

आपली,
कुसुम

ता. क. : खरे काम लिहायचे राहिले. उलट टपाली एक पत्र ह्यांच्या नावे पाठवा. त्यात लिहा, की नाशकास एका मोटारीत असाच बिघाड आला होता, तेव्हा वीतभर तार घेऊन पितळेच्या पट्टीपासून खालच्या लोखंडाला जोडावी. फळीला नावे ठेवू नका, शेठजींना लागेल. माझे नाव तर मुळीच नको. अक्षर तुमचे, अक्कल तुमची, असेच दिसू द्या. मार्गशीर्ष लागायच्या आत यावे.

दुसरा ता. क. : पत्र ह्यांच्या हाती द्यायची सोय नाही, म्हणून नवशीकडे देते आहे. ती टपालात टाकील.

तिसरा ता. क., दुसऱ्या हाताचा : रा. रा. दादासाहेबांना हरिभाऊचा सा. न. खोडाळ्यापलीकडे जायचा कागद मोटारवाल्याच्या हाती द्यायचा ही इथली रीत, त्याप्रमाणे नवशीने हे पाकीट मलाच आणून दिले. वर आपले नाव आणि मला तिने काही सांगितलेले नाही, तेव्हा काळजी वाटून फोडले. चूक झाली, माफी असावी. घोरण्याचा मजकूर खरा नाही. बाकी सगळे खरे आहे. पोशेऱ्यापाशी मोटार उभी करून तार लावून पाहिली. काटा ठिकाणावर आला, हॉर्न वाजला. मग आपले पत्र येईपर्यंत तार काढून ठेवली आणि आता काठी घालून पेट्रोल मोजत चाललो आहे. तरी तिने सांगितले आहे तसेच पत्र माझ्या नावे लवकर पाठवावे, मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवीन. त्यात एक वाक्य माझ्यासाठी घालावे, की ही तार जोडताना दुसरे माणूस जवळ लागते आणि ते घरचेच असावे लागते. शास्त्रात तसे नसले तरी लिहावे.