तोफेच्या या बाजूला

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याबद्दल खोटं बोलतेय. निदान तुम्हाला तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसलेय, दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

इथे हॉलंडात, आर्नहेममधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर युक्रेनहून आलेला एक मुलगा आईबरोबर राहतो. मुलगा कसला, तिशीचा असेल. तिकडे खंदकात होता, एक पाय गेला, मग सैन्यातून सोडलं. इथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात पोरं दुधाच्या मोठाल्या कॅनमध्ये कार्बाइड घालून बार उडवतात, तेही भर दुपारी. हौस एकेकाची. यंदा बिल्डिंगमधले आम्ही सगळे बघायला गेलो, तोही कुबड्या घेऊन आला. पोरांनी पहिल्या कॅनला पेटती काठी लावली आणि त्यानं आ केला. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून नुसता उभा. माझी लेक खुदकन हसली. "आई, व्हाय इज ही डूइंग दॅट?" तिला गप्प करायला वळले तेव्हा कळलं, माझंही तोंड तसंच उघडं होतं.

तुम्हीच शिकवलेलं. देवळालीचं क्वार्टर, दिवाळी, तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात धरून उभी केलीय आणि सांगताय, "बार होताना आ करायचा, म्हणजे कानाचा पडदा वाचतो." तुमचा कुठे वाचला? सगळी नोकरी मोठ्या तोफेवर, निवृत्त झालात तेव्हा आईला तुमच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं. पण सवय गेली नाही. दार आपटलं की आ, बँड वाजला की आ. माझ्या लग्नात वरातीपुढे सुतळी बॉम्ब लावले आणि फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच आपल्या दोघांचा फोटो काढला. सासरची मंडळी हसू दाबत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो फोटो मी अल्बममधून काढून टाकला. नंतर तुम्ही विचारलंत, "आपल्या दोघांचा एक होता ना गं?" मी म्हटलं, खराब आला.

लढाईचं तुम्ही एकदाच बोललात. मी कॉलेजातून आले होते, तुम्ही ओट्याशी मटार सोलत होतात. समोरच्या डोंगरावर त्यांचे खंदक, तुमची तोफ कितीतरी मैल मागे, डोंगराआड. तुम्हाला ते कधी दिसायचेच नाहीत. पुढे बसलेला साहेब वायरलेसवर सांगायचा, थोडा डावीकडे टाका, थोडा लांब. मग सांगायचा, बरोबर पडला. मग चहा यायचा. मी विचारलं, "आणि खंदकातली माणसं?" तुम्ही मटार सोलत राहिलात. मला वाटलं ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं विचारायचा धीर होईना. मग तुम्ही खाली बघतच म्हणालात, "त्यांनाही शिकवलेलं असतं. तेही आ करत असतील."

तर त्या शेतात त्या मुलानं माझं उघडं तोंड पाहिलं. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "कुणी शिकवलं?" म्हटलं, वडिलांनी, आता नाहीत ते, सैन्यात होते. "खंदकात?" आणि मी हो म्हणून मान हलवली. काय झालं होतं मला, कोण जाणे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मोठे गोळे पडायला लागले की शेजारच्या मित्राचं नावसुद्धा आठवत नाही, तोंड उघडं ठेवायचं तेवढं आठवतं. तुझ्या वडिलांना हे माहीत असणार. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की माझे वडील त्या गोळ्यांखाली नव्हते, गोळे पाठवणाऱ्या तोफेवर होते?

दोन दिवसांनी त्याच्या आईनं खारवलेल्या काकड्यांची बरणी आणून दिली. म्हणाली, मुलानं सांगितलंय, वडिलांच्या फोटोपुढे ठेव. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून रविवारी बरणीत बेसनाचे लाडू भरले आणि खाली गेले. आज सांगून टाकायचंच, असं जिना उतरताना घोकत होते. त्यानं दार उघडलं. "ठेवलीस ना फोटोपुढे?" मी म्हटलं, ठेवली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं आत वळून आईला हाक मारली. लाडू देऊन मी वर आले.

तुमच्या तोफेच्या पगारावर मी शिकले, बाबा, म्हणून इथवर पोचले. आधी तुमच्या आ करण्याची लाज, आता तोफेची. दोन्ही वेळा तुम्हाला लपवलं आणि स्वतःची अब्रू राखली. लाज वाटते मला, आता माझीच. सांगेन त्याला कधीतरी. तो मग जिन्यात भेटल्यावर माझ्याशी बोलेल का, एवढीच भीती आहे.

आणि त्या काकड्या आम्हीच संपवल्या, वरण-भाताबरोबर. फोटोपुढे ठेवणार कशा, या घरात तुमचा एकही फोटो नाही.