थोरलेपणाचा सापेक्षवाद

रविवार, ३ ऑक्टोबर १९३७. लोणावळा.

आजपासून रोजनिशी. घडामोडी महत्त्वाच्या आहेत, पुढे कुणी विचारलं तर पुरावा हवा. नाही, कुणी विचारू नये. ही वही माझ्यापुरती.

वाचनालयाची वादसभा सतरा तारखेला. विषय: 'काळ सगळ्यांना सारखाच चालतो काय?' नाही चालत, असं मी बोलणार. चालतो, असं अरुंधती बोलणार. अरुंधती म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब कानडे यांची मुलगी. यंदाच पुण्याहून बी.एस्सी. झाली, फिजिक्स घेऊन. माझं फिजिक्स मॅट्रिकपर्यंत, पण विचार स्वतंत्र.

आतली गोष्ट. परवा नानासाहेब आईला म्हणाले की मुलगी तुमच्याच घरात द्यायचं मनात आहे. आई म्हणाली, आमच्याकडची रीत म्हणजे आधी थोरल्याचं, मग धाकट्याचं. नानासाहेब चहा अर्धा टाकून उठले. आनंदानंच असणार. थोरला मी, धाकटा शरद. आम्ही जुळे, पण मी पाव तास आधी. आयुष्यात असले पाव तासच कामाला येतात.

संकल्प: सभा जिंकणे. मग लग्न.

मंगळवार, ५ ऑक्टोबर.

सापेक्षतावादाचं पुस्तक वाचायला घेतलं. प्रस्तावना समजली. पहिल्या प्रकरणात समीकरणं निघाली म्हणून दुसरं उघडलं. तिथंही तीच. मात्र मुख्य मुद्दा हाती लागला: जो हलतो, त्याचा काळ सावकाश जातो.

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. शरद मालगाडीवर गार्ड. दिवसभर घाट वर, घाट खाली. त्याचे केस शाबूत. मी ऑफिसात खुर्चीवर. मला टक्कल. लोक उगाच आमच्या आजोळाकडे बोट दाखवतात. कारण शास्त्रीय आहे. मी स्थिर आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर.

संकल्प: हलणे. सकाळ-संध्याकाळ तास तासभर झोपाळा. आई म्हणाली, नुसता काय बसतोस, लसूण तरी सोल. सोलला. डोळ्यांपुढे घर फिरलं. शास्त्रासाठी सोसावं लागतं.

ऑफिसात उशीर. हेडक्लार्कना शांतपणे समजावलं की उशीर हा पाहणाऱ्यावर अवलंबून असतो. ते म्हणाले, पाहणारा मीच आहे. असल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर.

झोपाळा बंद. केवढी घोडचूक होत होती! हललो तर माझा काळ सावकाश जाणार, म्हणजे दिवसेंदिवस मी शरदपेक्षा लहान होणार. मग थोरला कोण? हातातोंडाशी आलेलं लग्न जायचं. तेव्हा अक्षता पडेपर्यंत स्थिर राहणे. टक्कल वाढलं तर वाढू दे, त्याबरोबर थोरलेपणही वाढतंय.

शरदला मात्र जादा ड्यूटी मागून घ्यायला सांगितलं. जितका हिंडेल तितका धाकटा राहील. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

रविवार, १० ऑक्टोबर.

तयारीच्या निमित्तानं कानड्यांकडे गेलो. त्यांचं घर रेल्वेलाइनला लागून. बोलता बोलता मालगाडीचा आवाज आला तशी अरुंधती उठून फाटकाशी गेली. शेवटच्या डब्यातून शरदनं हिरवं निशाण हलवलं, हिनं हात हलवला. गाडी वळणाआड गेली तरी तिथंच उभी. मी लगेच ओळखलं. गतीचं निरीक्षण. फार अभ्यासू मुलगी.

टेबलावर दोन नवी पुस्तकं होती, शरदनं कल्याणहून आणून दिलेली. मी म्हटलं, रेल्वेतला भाऊ असा उपयोगी पडतो. ती म्हणाली, हो ना, फारच. आणि लाजली. माझ्यासमोर लाजते.

मग तिनं मला एक सल्ला दिला. प्रतिपक्षाला सल्ला, यावरून काय ते समजावं. म्हणाली, ताऱ्यांचे न् प्रकाशाचे दाखले लोकांच्या डोक्यावरून जातील, घरचा एखादा द्या. आधी कोण न् नंतर कोण हेसुद्धा पाहणाऱ्यावर असतं म्हणता, मग तुम्हा दोघा भावांचाच द्या की. उत्तम कल्पना. माझीच म्हणायची, कारण मला ती सुचतच होती.

बुधवार, १३ ऑक्टोबर.

झुंबरबाई आली होती. बेडश्याची. आमच्या वेळची सुईण. वडील तेव्हा नोकरीनं जवळच कामशेतला होते, हीच धावत आली होती. तिला म्हटलं, रविवारी सभेला ये, साक्ष हवी. ती म्हणाली, त्यात काय साक्ष, पयला तूच आलास, लय बोंबलत. डोईवर क्यास न्हाई. आता हाय तसाच. म्हटलं, मावशी, केसांचं सभेत काढू नकोस.

तिचं गाऱ्हाणं एकच. थोरल्याच्या लग्नात लुगडं, असं आईनं तेव्हाच कबूल केलंय. कवा घेनार, म्हणाली, मी सरणावर गेल्यावर? म्हटलं, मावशी, आता लग्न तोंडावर आलंय. ती म्हणाली, पोरगी कंची? मी नुसता हसलो.

रविवार, १७ ऑक्टोबर. सकाळ.

कोटाला इस्त्री झाली. आरशासमोर अख्खं भाषण म्हटलं. मूठ कुठे आपटायची तेही ठरलं. आईला विचारलं, कसं वाटलं? तिनं विचारलं, संपलं का?

त्याच दिवशी, संध्याकाळ.

जिंकलो. नीट, क्रमानं लिहितो.

वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षक पुण्याचे एक प्रोफेसर. सुरुवातीला पुस्तकातली गाडी, प्लॅटफॉर्म आणि त्यांवर पडणारी वीज यांचा जरा गुंता झाला, कोण कुठे उभं होतं ते मलाच आठवेना. मग घरचा दाखला काढला. झुंबरबाईला उभं केलं. म्हटलं, मंडळी, हिच्या दृष्टीनं मी आधी. पण त्याच घटकेला एखादा माणूस प्रचंड वेगानं जवळून गेला असता, तर त्याला शरद आधी आलेला दिसला असता. मग थोरला कोण आणि धाकटा कोण? थोरलेपण हा निव्वळ भ्रम आहे! मूठ आपटली. टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांत जोरात शरद वाजवत होता. भाऊ असावा तर असा.

झुंबरबाई म्हणाली, असं व्हय? मग माजं लुगडं कुनाच्या लग्नात? सभेत हशा.

अरुंधती उत्तराला उठली. कागद पाहिला. माझ्याकडे पाहिलं, मागे शरदकडे पाहिलं आणि म्हणाली, अनंतरावांच्या या दाखल्यावर मला काहीच म्हणायचं नाही. बसली. पुरती हार. मला नारळ आणि उपरणं. प्रोफेसर मात्र नारळ देताना कसल्यातरी उबळीनं हैराण झाले होते.

मग नानासाहेब आभार मानायला उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरी पंधरा दिवस एक अडचण होती, ती अनंतरावांनी आज भर सभेत मोठ्या मनानं दूर केली. थोरलं-धाकटं असं काही नसतंच, तर आमच्या अरुंधतीचं न् शरच्चंद्रांचं आता कशासाठी अडवून धरायचं?

आईनं तिथल्या तिथं मला विचारलं, तुझी काही हरकत? सगळा लोणावळा माझ्याकडे बघत होता. माझी मूठ अजून टेबलावरच होती. म्हटलं, शास्त्राला कसली हरकत.

नारळ फोडला. खवट निघाला.

सोमवार, १८ ऑक्टोबर.

शांतपणे विचार केला. अरुंधतीवर दडपण आलं असणार. दोन-चार दिवसांत ती स्वतःच तोंड उघडेल. वाट पाहणे.

दुपारी रडू आलं. आईला सांगितलं, कांदा चिरत होतो. आई म्हणाली, कांदे कालच संपलेत. आणि पाठीवरून हात फिरवून गेली.

शनिवार, ३० ऑक्टोबर.

अरुंधतीनं तोंड उघडलं. फराळाला अनारसे आवडतात का, असं विचारलं. शरदला.

रविवार, ५ डिसेंबर.

काल लग्न लागलं. झुंबरबाई नव्या लुगड्यात मांडवभर मिरवत होती. शरदची अलाबला घेऊन म्हणाली, ह्योच माजा थोरला. मी शेजारीच उभा होतो.

मग जोडी नमस्काराला आली. अरुंधती वाकली तशी मी मागे सरलो. म्हटलं, आता थोरलं-धाकटं राहिलं नाही ना, मला कशाला? तर वाकल्या वाकल्या हळूच म्हणाली, राहिलंय की, दादा. लांब लांबच्या दोन जागी घडलेल्या गोष्टींचं आधी-नंतर कधी कधी बदलतं. एकाच जागी एकामागून एक घडलेल्यांचं नाही, बघणारा कितीही पळू दे. तुम्ही पहिल्यापासून थोरलेच.

विचारलं, मग सभेत का नाही बोललात?

म्हणाली, बोलले असते तर जिंकले असते.

आशीर्वाद दिला. मनापासून दिला, ते इथे लिहायला हरकत नाही. पण ती दादा म्हणाली ते जेवताना घशाखाली उतरेना. जिलब्या तेवढ्या उतरल्या.

आता स्थिर राहण्याचं कारण उरलं नाही. संकल्प: झोपाळा पुन्हा सुरू, निदान केस तरी वाचवणे. मांडवासाठी तो काढून ठेवला होता. शरदला लावायला सांगणार होतो, थोरल्याच्या हक्कानं. पण दोघं मांडवपरतणीला कानड्यांकडे गेलीयत. मग मीच लावला. साखळ्या आखूड धरल्या गेल्या. स्टुलावर चढून बसलो, स्टूल आडवं झालं, आणि आता पाय जमिनीला पोचत नाहीत.

आईला हाक मारली, जरा झोका दे. ती आतून म्हणाली, थांब, येते थोड्या वेळानं.

बसलोय.