तपकिरी कोटाचं कोपर

३ नोव्हेंबर, मंगळवार

म्हातारा राहिला. मी चढले.

बसमध्ये एकाचीच जागा होती. तो माझ्या पुढे होता — राखाडी टोपी, हातात कापडी पिशवी. दाराशी जरा थबकला, आणि मी बाजूनं सुळकन आत. दार बंद. मागच्या काचेतून पाहिलं तर धुक्यात उभा, हात वर केलेला. थांबवायला असेल, नाहीतर शिव्या द्यायला. मग धुकं त्याला हळूहळू पुसत गेलं. आधी पिशवी, मग हात. शेवटी नुसती टोपी, आणि मग तीही नाही.

दिवसभर ती टोपी डोळ्यांपुढे. दुकानात रफू करताना दोनदा धागा तुटला. माझा धागा तुटत नाही.

ठरवलं. आजपासून — आधी दुसरा, मग मी. डोळे मिटून देवापुढे बसणं मला कधी जमलं नाही, मिटल्या डोळ्यांना कापडाची वीणच दिसते. तर माझी साधना हीच. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की जाहिरात झाली. फक्त या वहीत.

४ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात आम्ही दोघं. मी रफूला, काका इस्त्रीला. मनातल्या मनात मी त्यांना रेडिओ म्हणते, कारण बटण बंद करायची सोय नाही. आज डबा खायला खिडकीजवळची माझी जागा त्यांना दिली. उन्हात पाय पसरून जेवले आणि न्यायाधीशाचा झगा जाळला होता ती गोष्ट सुरू केली. पाचव्यांदा. मी "मग काय झालं?" असंही विचारलं. खरंच विचारलं! काकांनी एवढं संशयानं बघितलं की बास.

घरी आईच्या आधी उठले होते. तिचं पाणी तापवलं, अंथरूण आवरलं, दोन्ही वेळचा स्वयंपाक झाकून ठेवला. ती हातात रिकामा डाव घेऊन ओट्याशी उभी.

"मग मी काय करू?"

"तू बस. आयुष्यभर केलंस की."

चाळीस वर्षं रफू केलं तिनं. मला शिकवलं तिनंच. दोन वर्षं झाली, डोळ्यांच्या मधोमध धुकं आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून माझ्याकडे बघायचं असलं की ती दाराकडे बघते. दाराकडे बघतच म्हणाली, "बसते."

५ नोव्हेंबर, गुरुवार

आई दिवसभर बसून होती. बरं वाटलं. मला.

७ नोव्हेंबर, शनिवार

काय हलकं वाटतंय या दिवसांत. दुपारी दुकानात ऊन तिरकं येतं आणि हवेत तंतू तरंगतात, सगळ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे. कुणाची लोकर, कुणाचं रेशीम, काही सांगता येत नाही. बघत बसलं की मी कुठे संपते आणि दुकान कुठे सुरू होतं तेही कळेनासं होतं. सुई आपली आपणच चालते.

रफूची गंमत ही की धागा बाहेरून आणायचा नसतो. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून उपसायचा. मग उभे धागे, आडवे धागे, एक खाली एक वर. चांगलं झालं तर भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. आई म्हणायची, "आपलं काम दिसलं की आपण हरलो."

मला वाटतं माझंही तसंच चाललंय. आतलं उपसायचं, बाहेर लावायचं, कुणाला दिसू द्यायचं नाही.

(हे लिहून वाचलं. फार शहाणपणा झाला. पण खोडत नाही.)

९ नोव्हेंबर, सोमवार

दुकानाच्या दाराच्या खिळ्यात कोट अडकला. तपकिरी लोकरीचा, माझा एकच. डाव्या कोपराला बोट जाईल एवढं भोक. घरी आल्यावर आईनं नेहमीसारखा माझा दंड धरला, आणि तिचं बोट बरोबर तिथेच गेलं.

"फाटलाय. दे इकडे."

"राहू दे गं. डोळ्यांना कशाला त्रास?"

"मी डोळ्यांनी नाही करत."

"आई, मी करते ना. माझा तर धंदाच आहे!"

हात काढून घेतला तिनं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत कोपर करून टाकलं. जेवले नाही. संध्याकाळी आईची बोटं बाहीवरून फिरली. वर, खाली, परत वर. बराच वेळ शोधत होती.

"कळतच नाही," म्हणाली.

तिच्या तोंडून ही शाबासकी मी वीस वर्षांत दोनदा ऐकली असेल. मग ती लवकर झोपायला गेली. जेवण अर्धंच.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आई मावशीकडे जाणार. कायमची.

संध्याकाळी मी दारातून आत येते तर फोनवर बोलणं चाललेलं. मावशीचा खुबा दुखावलाय, उठबस होत नाही, घरात एकटी. "येते मी," आई म्हणत होती. "तुला चालता येत नाही, मला दिसत नाही. दोघी मिळून एक अख्खं माणूस होऊ." आणि हसली. किती दिवसांनी हसली!

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "इथे काही कमी आहे का?"

"कमी काही नाही. सगळंच आहे इथे." मग दाराकडे बघून — "तिला माझी गरज आहे, बाई."

रविवारची, बावीसची गाडी. सकाळी साडेदहा.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. सकाळपासून हीच म्हण तोंडात. राग आला आहे. दहा दिवस मी तिला पाण्याचा पेला उचलू दिला नाही, आणि हिला मावशीच्या घरचा जिना चढायचाय.

पण आधी दुसरा ना? मग तिची इच्छा आधी. तिला जायचंय तर जाऊ द्यावं, हसत. हीच खरी परीक्षा. घोटभर पाणी प्यायले आणि तिची बॅग भरायला घेतली. साड्यांच्या घड्या, औषधांवर जाड धाग्याच्या गाठी — सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन, म्हणजे बोटांना कळेल. छान भरली. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

"हेही केलंस," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, रविवार

पहाटे स्वप्न. धुकं म्हणजे पांढरं कापड होतं, आणि त्याला माणसाएवढं भोक. मी भराभर रफू करत होते. शेवटचा टाका घातला आणि लक्षात आलं, भोकाच्या पलीकडे आई उभी होती.

१६ नोव्हेंबर, सोमवार

म्हातारा भेटला!

त्याच थांब्यावर, तीच टोपी. मला एवढा आनंद झाला की विचारता सोय नाही. आता फेडते, म्हटलं. बस आली तशी लोकांना बाजूला केलं, "आजोबांना आधी जाऊ द्या" म्हणून सगळ्यांना सुनावलं, त्यांची पिशवी काढून घेतली, कोपर धरलं आणि अक्षरशः वर ढकललं. बसवलं. समोर हात जोडून उभी राहिले.

"त्या दिवशी मी तुमच्या पुढे घुसले. चुकलं माझं."

त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "घुसलात कुठे? मी थांबलो म्हणून गेलात. घाईत दिसलात. बसा म्हटलं, आपल्याला कुठे आग विझवायचीय."

"पण तुम्ही हात —"

"जा, जा म्हणून केला होता. तुम्ही भलत्याच घाबरलेल्या." पिशवी माझ्याकडून परत घेतली. "आमच्यासाठी आता कुणी थांबत नाही, बाई. सगळे आम्हाला उचलूनच ठेवतात. त्या दिवशी मी कुणासाठी तरी थांबलो. घरी चालत गेलो, मजेत."

माझा थांबा येऊन गेला. दोन थांबे पुढे उतरले.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काही लिहवत नाही. काका दिवसभर बोलत होते, ऐकू आलं नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

लिहूनच टाकते. आधी दुसरा, आधी दुसरा म्हणत मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. अंथरूण मी, पाणी मी, बॅगही मी. आईला काय हवंय हे मला माहीत आहे असं धरून चालले. एकदाही विचारलं नाही. आणि विचारायची तरी काय गरज होती, तिनं सांगितलं होतं की. "दे इकडे" म्हणाली होती.

तिची गरज एवढीच होती. आणि ती मी जेवणाच्या सुट्टीत बुजवून टाकली, कळणारही नाही इतकी छान.

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले. काहीतरी मागायचं होतं. काय मागतात आईजवळ? तोंड उघडलं आणि म्हणाले, "तुला काही हवंय का?"

"नको, बाई. सगळं आहे."

मला मागता येत नाही. त्रेचाळीस वर्षांची झाले, आणि मला मागता येत नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी, उन्हात, खिडकीशी बसून कोपराचं रफू काढायला घेतलं. आधी नखानं, मग सुईनं. निघेना. माझंच काम, मलाच कड सापडेना! शेवटी कातर घेतली.

काकांची इस्त्री हवेतच राहिली. "अगं, वेड लागलं का? भिंग लावून शोधलं तरी सापडायचं नाही असं काम, आणि त्याला कातर?"

"घरी हवंय, काका."

"काय हवंय?"

"भोक."

रेडिओ बंद. चक्क पाच मिनिटं.

मला भीती वाटते आहे. उद्या तिनंही "राहू दे, तूच कर" म्हटलं तर? परवा गाडी आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

"आई, कोट फाटला परत. मला जमत नाहीये. तू करशील?"

ओट्याशी उभी होती. वळली नाही लगेच.

"तू केलं होतंस ना?"

"टिकलं नाही."

बोटं भोकाच्या कडेवरून गोल फिरली. एकदा थांबली. मग म्हणाली, "शिवणाचा डबा काढ माझा."

सुई तिनंच ओवली. धाग्याचं टोक ओठात धरून, सुईचं भोक जिभेच्या टोकावर घेऊन. सात वेळा हुकलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आठव्यांदा गेलं. मग दुमडीतून धागे उपसले, कोट मांडीवर घेतला आणि मान दाराकडे करून शिवायला बसली. उभे धागे, आडवे धागे. खिडकीतून धुरकट उजेड येत होता आणि खोलीत फक्त सुईचा आवाज, म्हणजे आवाज नव्हताच. मला लहान झाल्यासारखं वाटत होतं. मधेच डुलकीही लागली असावी.

"थंडी वाजते का गं?"

नाही, म्हणणार होते. "हो."

"मग सांगत जा." तिची शाल माझ्या अंगावर आली.

तीन तास लागले. कोपरावर आता गाठाळ, वाकडातिकडा चौकोन आहे. लांबून दिसतो. सोमवारी दुकानात घालून जाणार आहे, काकांना काय बोलायचं ते बोलू देत. भोक परत कसं पडलं, तिनं काही विचारलं नाही. मीही गाडीबद्दल नाही विचारलं. बॅग दाराशी आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला तिनं मावशीला फोन लावला. मी आतल्या खोलीत, श्वास धरून.

"आत्ता नाही येत गं. उलट तूच ये, इथे जिना नाही. खुबा धड होईपर्यंत राहा." मग जरा थांबून, "अगं, मला हलताच येत नाही इथून. हिच्या कोटाला कुणीतरी कातर लावतंय. फाटलेलं वेगळं आणि कापलेलं वेगळं, मला काय कळत नाही? लक्ष ठेवायला नको का कुणी?"

फोन ठेवला. दाराकडे बघून विचारलं, "काय हवंय?"

"भूक लागलीय," मी म्हणाले.