सूनबाईची संगीत मंडळी

नाशिक,
१२ जून १९९४

तीर्थरूप नाना यांच्या चरणी,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

तुमच्या आशीर्वादाने मी व आरोही खुशाल. तिला पहिलीत घातलं. नव्या दप्तराशिवाय ती जेवायलाही बसत नाही.

शाळेत गाणं शिकवायला लागून मला दोन वर्षं होत आली. रविराज गेल्यावर लोक मला माहेरी धाडायला सांगत होते, तेव्हा तुम्ही माझी बाजाची पेटी टेम्पोत चढवून मला या नोकरीवर आणून सोडलंत. म्हणून नवीन काही करायचं तर आधी तुम्हा सासऱ्यांना विचारायचं, असं मी ठरवलं आहे.

आम्ही बारा जणांनी संगीत नाटक मंडळी काढली आहे. खरं म्हणजे मीच काढली, बाकीचे माझ्या आग्रहाला बळी पडले. शाळेतल्या यादव सरांनी नाटक लिहिलंय, ‘संगीत शेवंतीचं लग्न’. फुलबाजारातल्या एका मुलीची गोष्ट आहे. एकोणीस पदं आहेत, चाली माझ्या. बाजाराच्या पदाची चाल काही केल्या सापडेना. मग तुमच्याबरोबर पिंपळगावला ऐकलेला कांद्याच्या लिलावाचा पुकारा आठवला आणि पद एका बैठकीत झालं.

आईंच्या गुडघ्याला तेल लावता ना, की नुसतं कसं आहे म्हणून विचारता? तुमचा होकार आला की तालमी सुरू करीन.

लोभ आहे, तो वाढता राहावा.
तुमची,
प्रतिभा


पिंपळगाव बसवंत,
२६ जून १९९४

चि. प्रतिभास,
मोतीराम व ठमाबाई यांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिलावात गाणं असतं हे चाळीस वर्षं कांदे विकून मला उमगलं नाय. तुझी सासू म्हणती, यांना भाव सोडून दुसरं काय ऐकूच येत नाय.

खरं लिहितो, नाटक म्हटल्यावर मी पत्र दोनदा वाचलं. लोकांची तोंडं तुला ठाऊक हायती. रविराज ट्रकखाली गेला तवा ज्यांनी डोळे पुसले, तेच आता सून नाशकात एकटी कशी राहती म्हणून विचारत्यात. पण तुझा गळा देवानं दिला, तो बंद करणारा मी कोण? मंडळी काढ. चाली बांध. पेटीवर बस. एकच सांगणं हाय, तू स्वतः तोंडाला रंग लावून लोकांसमोर उभी राहू नको. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

टेम्पोवाल्या सहादूबरोबर मेथी नि कांदे धाडलेत. आरोहीला पापा.

माया हायच, पत्र धाडीत जा.
नाना


नाशिक,
४ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप नाना यांच्या चरणी,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

हे पत्र सहादूभाऊंच्या हाती देते आहे, कारण वेळ थोडा आहे. येत्या रविवारी, अकरा तारखेला, आमचा पहिला प्रयोग. शेवंतीचं काम करणाऱ्या सुवर्णाला काल कावीळ निघाली. डॉक्टरांनी महिनाभर उठायचं नाही म्हणून सांगितलंय. नाट्यगृहाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि यादव सरांची मे महिन्यात बदली होणार. दीड वर्ष लोक नोकऱ्या सांभाळून तालमीला आले. आता थांबलो तर मंडळी पुन्हा जमायची नाही.

तिच्याशिवाय एकोणीसच्या एकोणीस पदं फक्त मला येतात, म्हणून शेवंती मीच करावी असं सगळे म्हणतात. रंग लावणार नाही असा मी तुम्हाला शब्द दिलाय, तो तुम्हाला विचारल्याशिवाय मोडणार नाही. आणखी एक सांगायलाच हवं. तिसऱ्या अंकात शेवंतीचं लग्न आहे. हिरवा चुडा, मुंडावळ्या, कपाळभर कुंकू. ते नाटकातलं असलं तरी चढणार माझ्याच अंगावर.

तुम्ही नको म्हणालात तर प्रयोग रद्द करीन, आणि मनात काही ठेवणार नाही. उलट टेम्पोने उत्तर द्यावं.

तुमच्या मायेवर विसंबून,
प्रतिभा


पिंपळगाव बसवंत,
६ फेब्रुवारी १९९६

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर बागेत हिंडलो. द्राक्षाचा माल निघतोय, बाया काय विचारत व्हत्या ते माझ्या कानात शिरत नव्हतं. सांजेला तुझ्या सासूला सांगितलं. वाटलं, रडंल. तर तिनं विचारलं की शेवंतीला लग्नात लुगडं कोणतं नेसवणार. मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग म्हणाली की माझा लेक गेला त्यात पोरीचा काय गुन्हा? चार वर्षं तिचे रिकामे हात बघतेय, मला बघवत नाय.

तीस वर्षांवर संसार केला, पण हे तिच्या मनात हाय हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाय.

आज ती स्वतः कासाराकडं जाऊन आली. माप आपल्या हातावरून अंदाजानं दिलं. बांगड्या सहादूजवळ हायती, जपून घे.

माझी अट मी मागं घेतो. ती घालायलाच नको व्हती. रविवारी दोघं येतो. तिकीट काढून बसू, फुकट नाय.

उभी राहा, आशीर्वाद हाय.
नाना


नाशिक,
१४ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप नाना यांच्या चरणी,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

रविवारी गर्दीत तुमच्याशी धड बोलता आलं नाही. पहिल्या पदाला माझा आवाज कापत होता. पेटीवर माझ्या जागी यादव सर होते, त्यांनी सूर धरून ठेवला आणि मी हळूहळू त्यावर जाऊन बसले. बाजाराच्या पदाला दोनदा वन्समोअर मिळाला. म्हणतात, चौथ्या रांगेतले एक फेटेवाले गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते की हा पुकारा आमच्या पिंपळगावचा आहे. ते कोण, हे मी विचारलं नाही.

नंतरचं तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही बाहेर टेम्पोपाशी होतात. रंगपटात मी कुंकू पुसायला कापूस घेतला तर आईंनी हात धरला. मग म्हणाल्या की रंग पूस, कुंकू राहू दे. बांगड्याही राहू दे, त्या मी नाटकासाठी आणल्या नाहीत.

सोमवारी तशीच शाळेत गेले. एकीने पाहिलं, दुसरीने पाहिलं, मग घंटा झाली.

मंडळीला पंधरा प्रयोगांची बोलावणी आहेत. मी नव्या नाटकाच्या चाली बांधायला घेतल्यात. नाना, आभार कसे मानू हे मला कळत नाही. तुम्ही दोघं नसता तर ही गाणी वहीतच राहिली असती.

अशीच माया करत राहा.
तुमची,
प्रतिभा


पिंपळगाव बसवंत,
२० नोव्हेंबर २००५

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या मंडळीनं इथल्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमधी केलेलं नाटक अजून कानात हाय. तुझं हे पाचवं. तुझी सासू असती तर पुढच्या खुर्चीत बसली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी मी शेजारची खुर्ची रिकामी ठेवली व्हती. एकानं विचारलं, यात तुमची सून कोणती. मी सांगितलं, ती दिसत नाय, पण जे ऐकू येतंय ते सगळं तिचं हाय. तुझ्यामुळं म्हातारपणी मला असं बोलता आलं, याचं लय समाधान वाटतं.

हे पत्र घेऊन जी आलीये ती आपल्या शेजारच्या लहानूची सून, साई. वय तेवीस. औंदा तिचा नवरा गेला. काल सकाळी तिनं येऊन, तुझ्या मंडळीत गायचंय म्हणून तुझा पत्ता मागितला. लहानू दाराबाहेर उभा व्हता. त्यानं मला हळूच विचारलं की लोक बोलतील का. मी म्हटलं, बोलत्यात दोनेक वर्षं, मग तिकीट काढून येत्यात.

गळा कसा हाय ते मला कळत नाय, ते तू बघ. पण पत्ता मागताना तिनं मान खाली घातली नाय.

लहानूच तिला घेऊन येतोय. दोघांना जेवू घाल. आमच्यावर तुझी माया हायच, ती आता हिच्यावर असू दे.

तुझा,
नाना